तात्यांचा चेहरा

आमच्या घरात तात्यांची गोष्ट कुणीही सांगायला घेतली, तरी सुरुवात ठरलेली असायची: माणूस कामाचा पक्का, पण भारी तापट. तात्या म्हणजे माझे पणजोबा. रेल्वेत कीमन होते. शहाडच्या अलीकडचा-पलीकडचा नेमून दिलेला पट्टा रोज पायी तुडवायचा, रुळांना धरून ठेवणाऱ्या चाव्या हातोड्याने ठोकून बसवायच्या, बोल्ट ढिला दिसला की पान्याने आवळायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. 1855 मध्ये कल्याणहून वाशिंदपर्यंत रूळ गेले, तेव्हापासून या लाइनीवर अशी पायी चालणारी कितीतरी माणसं होऊन गेली. त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. तात्यांचं नाव आमच्या घरापुरतं उरलं, आणि तेही तापट म्हणून.

मी त्यांना पाहिलेलं नाही. त्यांच्याविषयी जे कळलं ते आजीकडून, म्हणजे त्यांच्या सुनेकडून, आणि आबांकडून, म्हणजे त्यांच्या धाकट्या मुलाकडून. उन्हाळ्यात गच्चीवर अंथरुणं पडली की दोघं आठवणी काढत. आजीच्या आठवणींत धाक असे, आबांच्या आठवणींत कौतुक. पुढे माझ्या आत्याला पार्किन्सन्स झाला. न्यूरॉलॉजिस्टनी तिची हकीकत विचारता विचारता घरातल्या थोरल्यांबद्दलही विचारलं, आणि घरी आल्यावर आत्या आणि मी तात्यांच्या सगळ्या गोष्टी एकाखाली एक मांडल्या. स्वभावाच्या म्हणून सांगितल्या गेलेल्या त्या गोष्टी आजाराच्या निघाल्या. पार्किन्सन्स माणसाच्या अंगात पायरीपायरीने कसा वाढत जातो, याची ती जवळजवळ सलग नोंद होती. फक्त ती आजवर कुणी तशी वाचली नव्हती.

सगळ्यात जुनी गोष्ट सुकटीची. ती आजीलाही पणजीनेच सांगितलेली. चुलीवर सुकट करपून कोळसा झाली, घरभर धूर कोंडला आणि तात्या शेजारीच कंदिलाची काच पुसत शांत बसलेले. पणजी विहिरीवरून धावत आली आणि ओरडली, तर ते म्हणाले, "मला तर कसला वासच येत नाही." या गोष्टीचा घरात लावलेला अर्थ असा, की या माणसाचं संसारात लक्षच नव्हतं. दुसरी गोष्ट रात्रीची. झोपेत ते "गाडी आली, बाजूला व्हा" असं ओरडायचे आणि हातपाय झाडायचे. एकदा पणजीच्या खांद्यावर असा फटका बसला, की तिने आपलं अंथरूण स्वयंपाकघरात नेलं ते कायमचं. लोक म्हणत, रूळ डोक्यात गेलेत याच्या. तिसरी गोष्ट आबा चारचौघांत सांगत नसत: तात्यांचं पोट साफ होत नसे, आणि घरात एरंडेलाची बाटली कधी संपू दिली जात नसे.

वास जाणं, बद्धकोष्ठ आणि झोपेत स्वप्न अंगाने वठवणं, ही तिन्ही लक्षणं पार्किन्सन्सचा कंप दिसायच्या कितीतरी वर्षं आधी येऊ शकतात. स्वप्न पडत असताना आपले स्नायू मेंदू सैल करून ठेवतो, म्हणून स्वप्नात धावणारा माणूस अंथरुणातच राहतो. या आजारात तो आवर सुटतो. जर्मनीच्या हायको ब्राक यांनी 2003 मध्ये मांडलं, की रोगाची खूण बहुधा आधी वासाच्या केंद्रात आणि मेंदूच्या देठाच्या खालच्या भागात उमटते आणि मग वर सरकते. हालचालींना लागणारं डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी मध्यमेंदूत असतात. तिथपर्यंत रोग पोचून हात थरथरायला लागतो, तेव्हा त्या पेशींचा मोठा हिस्सा गेलेला असतो. यातलं एखादं लक्षण सुटं दिसलं म्हणजे पार्किन्सन्सच, असं मुळीच नाही; वास सर्दीनेही जातो. पण तात्यांच्या बाबतीत तिन्ही एकत्र होती, आणि तेव्हा ते अजून रोज लाइनीवर जात होते.

मग उजवा खांदा धरला. हातोडा चालवून धरला असेल, म्हणून तेल चोळणं झालं. चालताना डावा हात हलायचा, उजवा अंगाला चिकटून राहायचा, हे आबांनी लहानपणी पाहिलेलं. त्यानंतर अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरायला लागली, रिकाम्या बसल्या वेळी, सारखी. आळीतल्या वारकऱ्यांना वाटलं, तात्या मनातल्या मनात जप करतात, बोटांत माळ नसली तरी ओढणं चालूच आहे. दोघातिघांनी त्यांना वारीला चला म्हणून आग्रहही केला. गंमत वाटावी अशी गोष्ट म्हणजे, हातोडा उचलला की बोटं थांबायची. म्हणून कामावर कुणाला संशयही आला नाही. पार्किन्सन्सच्या कंपाची हीच ओळख आहे. हात विसावलेला असताना तो येतो आणि हात कामाला लागला की बहुधा कमी होतो. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये या आजारावर पहिला निबंध लिहिला तो सहा माणसांच्या निरीक्षणावर, आणि त्यांतली काही त्यांनी नुसती रस्त्यात पाहिलेली होती. म्हणजे हा आजार ओळखायला पहिल्यांदा जे लागलं, ते जाणाऱ्या-येणाऱ्याकडे नीट पाहणारे डोळे. पुढे पॅरिसच्या शार्को यांनी आजाराला पार्किन्सन यांचं नाव दिलं आणि एक मोठी गोष्ट सांगितली, की कंप नसतानाही हा आजार असू शकतो; हालचाल मंदावणं हे वेगळं, स्वतंत्र लक्षण आहे.

या आजाराच्या पाच पायऱ्या मानतात. एका बाजूला लक्षणं, ती पहिली. दोन्ही बाजूंना पसरली, चेहरा आणि आवाज पकडला गेला, पण तोल शाबूत आहे, ती दुसरी. आजी लग्न होऊन या घरात आली ती नेमकी तेव्हा.

हा प्रसंग तिने मला इतक्या वेळा सांगितला, की मी तिथे असल्यासारखा मला दिसतो. माप ओलांडून ती आत आली. सासऱ्यांच्या पाया पडली. वर पाहिलं, तर तात्या तिच्याकडे बघत होते: पापणी हलत नव्हती, ओठ हलत नव्हते, कपाळावर एक रेषही नाही. त्यांनी काहीतरी आशीर्वाद पुटपुटला, तो तिला ऐकूच आला नाही. पंधरा-सोळा वर्षांची पोर ती. तिने मनाशी पक्कं धरलं, की सासऱ्यांना मी पसंत नाही. पुढची कित्येक वर्षं ती त्यांच्यासमोर ताट ठेवून दाराआड उभी राहत आली. त्यांनी कधी "वाढ" म्हटलं तर तो आवाज इतका खोल, एकसुरी, की तिला तो दाबलेला राग वाटे. जेवायला त्यांना तासभर लागे. ते तिला रुसवा वाटे.

तो राग नव्हता. चेहऱ्याचे बारीक स्नायू ताठरले होते. हसू आत फुटत होतं, बाहेर येत नव्हतं. पापण्यांची उघडझाप कमी झाली होती, म्हणून नजर रोखल्यासारखी वाटे. आवाज बसला होता, घास चावायला वेळ लागत होता. या दुसऱ्या पायरीवर माणूस आपली बरीचशी कामं करू शकतो, म्हणून घरच्यांना तो आजारी वाटतच नाही, बदललेला वाटतो. मला हा भाग सगळ्यांत क्रूर वाटतो. हात थरथरणाऱ्याची लोक कीव तरी करतात. ज्याचा चेहरा कोरा पडतो, त्याच्यावर गर्विष्ठपणाचा शिक्का बसतो, आणि शिक्का पुसायला लागणारं हसूच त्याच्याजवळ उरलेलं नसतं.

आजाराचं नाव घरात आलं ते उल्हासनगरहून. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत जागा दिली गेली आणि 1949 मध्ये त्या वसाहतीचं उल्हासनगर झालं. तिथल्या कॅम्पात कराचीकडून आलेले एक डॉक्टर बसत. कल्याणच्या वैद्यबुवांनी कंपवात म्हणून तेलं आणि काढे दिले होतेच. आबा तात्यांना या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी तात्यांचं मनगट धरून कोपरातून हात हळूहळू वाकवला आणि सरळ केला. हात सलग येत नव्हता, टप्प्याटप्प्याने अडकत येत होता. डॉक्टरांनी आबांचा हात तिथे ठेवून त्यांनाही ते जाणवून दिलं, आणि आजाराचं इंग्रजी नाव कागदावर लिहून दिलं. औषध विचारलं, तर म्हणाले, कंपाला थोडा उतार पडेल अशा गोळ्या आहेत, बाकी फारसं काही नाही. आबांनी ते नाव लक्षात ठेवलं, पण घरात त्याचा उपयोग काय करायचा हे कुणाला कळलं नाही.

तिसऱ्या पायरीवर तोल जातो. पाठ वाकते, पावलं आखूड होतात, वळताना माणूस पडतो. आणि कधीकधी पाय जमिनीला खिळतात. तात्या माजघराच्या दारात येऊन थांबायचे ते थांबायचेच. मागे मुलं, पुढे ताट, आणि हे उंबऱ्यापाशी खांबासारखे उभे. मागून कुणी जरा ढकललं तर तोंडावर पडायचे. पण हाच माणूस संध्याकाळी आबांचा हात धरून लाइनीपाशी गेला, की रुळांखालच्या आडव्या स्लीपरवर पाऊल ठेवायचा आणि चालू लागायचा. एक स्लीपर, दुसरा स्लीपर, तिसरा. लांब पावलं, ताठ पाठ. नोकरी सुटलेली होती, पण गँगचे लोक ओळखीचे; गाडीची वेळ नसली की थोडं अंतर चालू देत. आबा सांगत, "स्लीपरवर माझा बाप परत कीमन व्हायचा." घरी परतून उंबऱ्याशी आला की पुन्हा खिळायचा.

हे पाहणारे लोक काय म्हणाले असतील ते सांगायला नको. घरात सोंग करतो. सुनेला त्रास द्यायचा म्हणून अडून बसतो.

यात सोंग नव्हतं. आपण सपाट जमिनीवर विचार न करता चालतो. मेंदूच्या खोल भागातल्या ज्या यंत्रणेवर हे आपोआप चालणं अवलंबून असतं, तीच पार्किन्सन्समध्ये मोडते. पण समोर आडव्या रेषा दिसल्या, की प्रत्येक पाऊल डोळ्यांनी नेमून टाकता येतं, आणि त्यासाठी मेंदू दुसरी वाट वापरतो. म्हणून जमिनीवर खिळणारी काही माणसं जिना सहज चढून जातात. पुण्याच्या मिलेहा सोनेजी या डिझायनरने आपल्या काकांना असंच जिना चढताना पाहिलं आणि सपाट फरशीवर पायऱ्यांचं चित्र अंथरून त्यांना चालतं केलं. ज्याला आळीने सोंग म्हटलं, ते आज फिजिओथेरपीत शिकवलं जातं.

चौथ्या पायरीवर माणूस कसाबसा उभा राहतो, पण एकटा जगू शकत नाही. पाचवीवर खाट किंवा खुर्ची. तात्यांची शेवटची वर्षं आजीनेच काढली. कूस बदलायला ते स्वतः वळू शकत नसत, म्हणून रात्री उठून तीच वळवी. पाणी पिताना ठसका लागे, म्हणून ती पेज घट्ट करून चमच्याने देई. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि आज गिळण्याचा त्रास असलेल्यांना तज्ज्ञ हाच सल्ला देतात. खिडकीत लहान मुलं बसलीत, असं तात्या सांगायला लागले तेव्हा भगत आणला गेला, उतारे झाले. आजाराच्या पुढच्या टप्प्यात अशी दृश्यं दिसू शकतात, काहींची स्मृतीही ढळते. हे पार्किन्सन यांच्या निबंधात नाही. बुद्धी आणि इंद्रियं शाबूत राहतात, असं त्यांनी लिहिलं होतं. शेवटी छातीत कफ साठून तात्या गेले. या आजारात घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होणं हे मृत्यूचं एक नेहमीचं कारण आहे.

तात्या गेले 1960 नंतर थोड्याच वर्षांत. आणि 1967 मध्ये दोन गोष्टी घडल्या. मार्गारेट होन आणि मेल्विन यार या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी आजाराच्या पाच पायऱ्या मांडल्या, ज्या जगभर आजही वापरतात आणि ज्यांवर मी वर तात्यांच्या गोष्टी बसवल्या. त्याच वर्षी जॉर्ज कोत्झियास यांनी डोपाचे मोठे डोस देऊन खिळलेली माणसं हलती करून दाखवली. मेंदू त्यातून डोपामाइन बनवतो. या शोधाच्या वाटेवर आपल्याकडच्या दोन वनस्पती उभ्या आहेत. 1949 मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावर सर्पगंधा गुणकारी असल्याचं जगापुढे मांडलं. तिच्यातून वेगळं काढलेलं रेसर्पिन मोठ्या प्रमाणात घेणारे काही रुग्ण पार्किन्सन्ससारखे मंद आणि ताठ होऊ लागले. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी 1957 मध्ये रेसर्पिन देऊन ससे निपचित पाडले, मग डोपा टोचलं, आणि ससे उठले. त्या कामासाठी त्यांना 2000 साली नोबेल मिळालं. दुसरी वनस्पती खाजकुइली. तिच्या बियांमधून लेव्होडोपा, म्हणजे डोपाचंच एक रूप, मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी 1937 मध्येच वेगळं केलं होतं, आणि 1978 मध्ये मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी या बियांची पूड रुग्णांना देऊन तिचे परिणाम प्रसिद्ध केले. तात्यांच्या पट्ट्यालगतच्या कुंपणांवर पावसाळ्यात हीच वेल चढायची. आज मात्र कुणी ती पूड आपल्या मनाने घेऊ नये. तिच्यात औषध किती उतरेल याचा भरवसा नसतो, आणि चालू गोळ्यांत तिची भर पडली तर त्रास होतो.

आत्याला लेव्होडोपाच्या गोळ्या मिळाल्या, म्हणून तिची गोष्ट वेगळी झाली. ती शाळेत शिक्षिका होती, अक्षर मोत्यासारखं. निवृत्तीनंतर बँकेने सही जुळत नाही म्हणून चेक परत केला, आणि तेव्हा लक्षात आलं की तिचं अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक बारीक होत चाललंय. दिवाळीत तिने मुक्तहस्त रांगोळी काढली, तर वेल दारापासून निघून कोपऱ्यात जाईपर्यंत बोटभर उरली. दुसऱ्या दिवशी ठिपक्यांची काढली, ती पूर्ण मापाची आली. ठिपके तिच्या हाताचे स्लीपर झाले होते.

लेव्होडोपाची पहिली वर्षं इतकी चांगली गेली, की शेजाऱ्यांना निदानाचीच शंका आली. मग गोळीचा असर पुढच्या गोळीच्या आधीच उतरायला लागला. तात्या ज्या पायऱ्या कित्येक वर्षांत उतरले, त्या आत्या आता एका दिवसात चढते-उतरते. सकाळी डोळे उघडते तेव्हा काकांनी हात दिल्याशिवाय तिला बसता येत नाही. ती चौथी पायरी. गोळी घेतल्यावर काही वेळाने ती स्वतः चहा ठेवते, ती दुसरी. असर टिपेला असताना तिचे खांदे आणि मान डोलायला लागतात. पाहुण्यांना वाटतं आजार वाढला. खरं तर ते बरीच वर्षं औषध घेतल्यावर येणारं डोलणं आहे. डाळ, दूध, अंडं यांतली प्रथिनं औषधाला अडवतात, म्हणून गोळी आणि जेवण यांच्यात ती अंतर ठेवते. एकदा दुसऱ्याच कारणासाठी तिला इस्पितळात ठेवलं होतं, तिथे गोळ्या वॉर्डाच्या वेळेने मिळाल्या आणि दोन दिवसांत ती लाकडासारखी झाली. तेव्हापासून गोळ्यांच्या वेळा मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद तिच्या पर्समध्ये असतो.

पण एक गोष्ट तिच्या वाट्याला आली नाही, आणि ती आजीने सांगितलेल्या आठवणींमुळे. आत्याचा चेहरा कोरा पडायला लागला, तेव्हा घरात कुणी तिला तुसडी म्हटलं नाही. आम्ही विचारतो, "आत्या, आतून हसतेस ना?" ती मान हलवते. स्वयंपाकघराच्या दारात आम्ही रंगीत पट्ट्या चिकटवल्या आहेत, स्लीपरच्या अंतराने. शहाडच्या रेल्वे पुलाचा जिना ती आमच्यापेक्षा निवांत चढते. डॉ. बी. एस. सिंघल यांच्या पुढाकाराने 2001 मध्ये मुंबईत सुरू झालेली पार्किन्सन्स सोसायटी, पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि हृषीकेश पवार यांनी पुण्यात रुग्णांसाठी घेतलेले नृत्यवर्ग, यांमुळे आता चार माणसं एकत्र बसून आपली लक्षणं मोकळेपणाने बोलतात. तात्यांना असं बोलायला एकही माणूस नव्हता.

डॉक्टरांनी बजावून सांगितलं आहे, की हा आजार बहुतेक वेळा आनुवंशिक नसतो. एका घरात दोघांना झाला म्हणून तिसऱ्याला होईलच असं नाही. प्रत्येक जण पाचव्या पायरीपर्यंत जातो असंही नाही, आणि प्रत्येकाचा वेग निराळा. म्हणून मी हे घाबरवायला लिहीत नाही. लिहितो ते एवढ्यासाठी, की म्हाताऱ्या माणसांच्या स्वभावाबद्दल आपण जे बेधडक बोलतो, त्यातलं बरंचसं तपासून घ्यावं लागेल. उतारवयात अचानक घुमा झालेला, हळू झालेला, जेवायला वेळ लावणारा, दारात अडणारा माणूस तुमच्या घरात असेल, किंवा अशा माणसाची गोष्ट सांगणारं कुणी असेल, तर त्यांना विचारा: वास येत होता का? रात्री झोपेत ओरडायचे का? चालताना कुठला हात हलत नव्हता? अक्षर बारीक झालं होतं का? जिना चढता येत होता का? उत्तरं एका वहीत लिहून काढा, आणि ज्याला आज त्रास आहे त्याला न्यूरॉलॉजिस्टकडे नेताना ती वही बरोबर घ्या.